प्रसूतिकळांतील आरामोपचार

कळा सुरू झाल्यापासून बाळ जन्मेपर्यंत बाईचा त्रास सुसह्य व्हावा म्हणून परिचारिका करते त्या सेवेस आरामोपचार म्हणतात. कळ थांबवणे हा त्यांचा हेतू नव्हे; गर्भाशयाचे मुख उघडायला कळ हवीच. भीती, थकवा आणि आखडलेले अंग यांनी वेदना वाढते, तेवढी वाढ रोखायची असते.

सर्वांत साधा उपाय हाताचा. कळ चढू लागली की बाईला कुशीवर वळवून किंवा पुढे झुकवून माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडावर मनगटाजवळच्या तळहाताने स्थिर दाब देतात; कळ ओसरेपर्यंत हात काढत नाहीत. चोळणे वेगळे, दाबून धरणे वेगळे. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की कळा कमरेत भरतात, तेव्हा हा दाब विशेष उपयोगी पडतो. पाणमोट फुटली नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर चालणे, उभ्याने टेकणे हेही चांगले. तासन्‌तास उताणे निजवणे मात्र वाईट: गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब उतरू शकतो. कमरेला गरम शेक, कपाळावर ओले फडके, ठरावीक वेळाने लघवीची आठवण आणि धोका नसलेल्या बाईला पेज किंवा चहाचे घोट, ही कामे किरकोळ वाटतात, पण रात्र लांबली की तीच पुरी पडतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. हातात तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातले गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदींचे कार्ड, आणि सोबत आई असते. सिस्टर कन्नड आणि पेशंट मराठी, हेही नेहमीचेच. दोन्ही भाषा येणाऱ्या सिस्टर इथे पुष्कळ. पण ऐन कळेत दुसऱ्या भाषेतली सूचना डोक्यात शिरत नाही. ‘जोर लावू नको, श्वास सोड’ एवढे तरी तिच्याच बोलीत सांगायला हवे. म्हणून खोलीत घरची बाई असणे इथे दुप्पट मोलाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत आवडीची सोबत, हालचाल, मालिश आणि शेक हे सारे आहे. सरकारी दवाखान्यांतील प्रसूतिगृहे सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ उपक्रमातही सोबतीणीला जागा आहे. तरीही आईला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवण्याची सवय सुटायला वेळ लागतो. खोलीत पडदा नसेल तर शेजारच्या खाटेवरच्या बाईची लाज आड येते, हे कारण खोटे नाही. उपाय मात्र पडदा लावण्याचा आहे.

या उपायांनी वेदना नाहीशी होत नाही. बाईने मागितल्यास वेदनाशामक किंवा पाठीतले इंजेक्शन यांचा विचार डॉक्टर करतात. जास्त रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी, हिरवट पाणी किंवा बाळाच्या ठोक्यांत बिघाड दिसला, तर आधी डॉक्टरांना बोलवायचे.