वाचला की शून्य होणारा काउंटर आणि अखंड चालणारा काउंटर

नेटवर्क कार्डाच्या चिपमध्ये आकडेवारीची रजिस्टरं, म्हणजे आकडे साठवणारे छोटे कप्पे, असतात. किती फ्रेम (डेटाची पाकिटं) आल्या, किती बाइट गेले, किती फ्रेमचा सीआरसी (चूक ओळखायचा तपासणी-आकडा) चुकला, बफर नाही म्हणून किती टाकून द्याव्या लागल्या, हे सगळं चिप स्वतः मोजते. ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम वरवर पाहता सोपं आहे: अधूनमधून रजिस्टर वाचायचं, आकडा ६४ बिटांच्या बेरजेत मिळवायचा आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) विचारलं की ती बेरीज पुढे करायची. घोळ होतो तो नेमकं काय मिळवायचं यात, कारण ही रजिस्टरं दोन जातींची असतात आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात.

पहिली जात 'क्लिअर ऑन रीड'. वाचताक्षणी चिप आकडा देते आणि रजिस्टर शून्य करते. हातात येतो तो मागच्या वाचनानंतरचा हिशेब, म्हणून तो जसाच्या तसा बेरजेत मिळवायचा. दुसरी जात 'फ्री रनिंग'. ती विजेच्या मीटरसारखी पुढेच जात राहते, कोणी वाचो न वाचो. तिथे मागचं वाचन जपून ठेवावं लागतं आणि आताच्या वाचनातून ते वजा करून उरलेला फरक मिळवावा लागतो. पहिल्या जातीत मागचं कुठवर मोजून झालं हे चिप लक्षात ठेवते, दुसरीत ते ओझं ड्रायव्हरवर येतं. पुढचे सगळे फरक एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

अदलाबदल झाली तर काय दिसतं, ते आकड्यांत बघू. समजा रजिस्टर अखंड चालणारं आहे आणि लागोपाठच्या वाचनांत १०००, २०००, ३००० असे आकडे आले. खऱ्या फ्रेम ३०००. पण ड्रायव्हरने ते शून्य होणारं समजून तिन्ही आकडे मिळवले, तर बेरीज ६०००. पुढच्या वाचनाला ४००० मिळून १०,०००, म्हणजे खऱ्याच्या अडीचपट. वाहतूक एकसारखी असली तरी आलेख वर वर वळत जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं लिंकवरचा भार वाढतोय. हा दोष फसवा आहे. ड्रायव्हर नुकताच चढवलेला असताना आकडे खरे वाटतात, चाचणी छोटी असेल तर त्यातून तो सहज निसटतो.

उलटी चूक जास्त ढळढळीत. रजिस्टर वाचल्यावर शून्य होतं, पण ड्रायव्हर वजाबाकी करतोय. वाचनं आली १०००, ९५०, १०२०. खरी बेरीज २९७०. ड्रायव्हर आधी १००० मिळवतो. मग ९५० वजा १००० म्हणजे उणे ५०, पण ३२ बिटांच्या बिनचिन्ही गणितात उणे ५० नसतंच. तिथे निघतात ४,२९,४९,६७,२४६. बेरीज एकदम ४२९ कोटींवर. पुढच्या वाचनाला ७० मिळतात आणि बेरीज होते ४,२९,४९,६८,३१६. यातून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, काढून टाका. उरतात १०२०, शेवटचं वाचन. ही या चुकीची खूण आहे: बेरजेचे खालचे ३२ बिट नेहमी शेवटच्या वाचनाइतकेच असतात. आणि वाहतूक अगदी एकसारखी असेल तर फरक शून्य येत राहतो आणि भरवाहत्या लिंकवरचा काउंटर जागीच थिजलेला दिसतो.

बिनचिन्ही गणित इथे मुळावर आलं, पण फ्री रनिंगमध्ये तेच तारून नेतं. मागचं वाचन ४,२९,४९,६६,००० आणि आताचं ७००, असं झालं तर रजिस्टर शेवटच्या आकड्यावरून फिरून शून्यावर आलंय. ३२ बिटांत वजाबाकी केली की उत्तर बरोबर १९९६ येतं, वेगळी अट लिहावी लागत नाही. फक्त ती वजाबाकी रजिस्टरच्याच रुंदीत व्हायला हवी. ३६ किंवा ४८ बिटांचं रजिस्टर असेल तर वरचे जादा बिट स्वतः झाकावे (शून्य करावे) लागतात, आणि नेमकं हेच राहून जातं.

अर्थात, दोन वाचनांमध्ये एकच फेरी झाली असेल तरच हे जमतं. १ गिगाबिटच्या लिंकवर ३२ बिटी बाइट काउंटर ३४ सेकंदांत भरतो, १० गिगाबिटवर साडेतीन सेकंदांच्या आतच आणि १०० गिगाबिटवर सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात. फेरी चुकली तर ४२९ कोटी बाइट निमूटपणे गायब होतात, कुठेही खूण राहत नाही. म्हणून वेगवान कार्डांत रजिस्टरं रुंद केली गेली. ४८ बिटी बाइट काउंटरला १०० गिगाबिटवरही फेरी पुरी करायला सव्वासहा तास लागतात.

शून्य होणाऱ्या जातीत भरून वाहण्याचं काय होतं हे चिपच्या दस्तऐवजात बघायचं. इंटेलच्या ८२५४एक्स कुटुंबात, म्हणजे ई१००० ड्रायव्हर ज्या चिप चालवतो त्यांत, काउंटर कमाल आकड्यावर जाऊन तिथेच थांबतो. याचा मोठा फायदा आहे. रजिस्टरमध्ये सगळे बिट १ दिसले तर आपण उशीर केला हे तरी कळतं. ई१००० चा वॉचडॉग (ठरावीक वेळाने चालणारं देखरेखीचं काम) दर २ सेकंदांनी रजिस्टरं वाचतो. १ गिगाबिटवर सर्वांत लहान फ्रेमही सेकंदाला १४,८८,०९५ पेक्षा जास्त येऊ शकत नाहीत, त्यामुळे ३२ बिटी फ्रेम काउंटर भरायला ४८ मिनिटं लागतात. २ सेकंद म्हणजे भरपूर ऐसपैस.

आता वाचणारे किती, हा प्रश्न. अखंड चालणारं रजिस्टर कोणीही कितीदाही वाचावं, ड्रायव्हरचं काही बिघडत नाही. शून्य होणाऱ्या रजिस्टरला मात्र वाचणारा एकच हवा. तपासणीसाठी कोणी बाजूने रजिस्टर वाचलं तर तेवढा आकडा त्याच्या पडद्यावर जातो आणि ड्रायव्हरच्या बेरजेतून कायमचा जातो. सीआरसीच्या चुका शोधायला बसावं, आणि शोधण्याच्या कृतीनेच त्या नाहीशा व्हाव्यात! इंटेलच्या १० गिगाबिट कार्डांचा आयएक्सजीबीई ड्रायव्हर यावर नीट उपाय करतो. एथटूल या लिनक्सच्या तपासणी-साधनाने रजिस्टरांची यादी मागितली की आकडेवारीच्या जागी तो चिपमधलं रजिस्टर वाचतच नाही, स्वतःच्या मेमरीत साठवलेली बेरीज भरतो. मला ही पद्धत फार आवडते.

त्याच ड्रायव्हरमध्ये आणखी एक बघण्यासारखी जागा आहे. ८२५९९ चिपमधला बाइट काउंटर दोन रजिस्टरांत विभागलेला आहे. ड्रायव्हर खालचं रजिस्टर वाचून बेरजेत मिळवतो आणि लगेच वरचं रजिस्टर वाचतो, पण त्याची किंमत कुठेच ठेवत नाही. वाचायचं ते फक्त शून्य करायला, आणि शेजारची टिप्पणीही तेवढंच सांगते. २ सेकंदांत १० गिगाबिटवरून २५० कोटी बाइट येतात, ते ३२ बिटांत मावतात, त्यामुळे वरच्या अर्ध्याची गरजही पडत नाही. हा प्रकार माहीत नसलेल्या माणसाला ती ओळ निरुपयोगी वाटेल आणि साफसफाईत तो ती उडवून टाकेल.

कुलूप (एका वेळी एकालाच काम करू देणारी सोय) दोन्हीकडे लागतं, कारणं वेगळी. शून्य होणाऱ्यात दोन सीपीयूंनी एकाच वेळी बेरीज केली तर एकाची भर पुसली जाते. फ्री रनिंगमध्ये एकाने १००० वाचलं, दुसऱ्याने १०१० वाचून 'मागचं वाचन' पुढे सरकवलं, आणि मग पहिल्याने वजाबाकी केली तर पुन्हा उणे १०, पुन्हा ४२९ कोटी.

रीसेटच्या वेळी दोघांना उलट काळजी घ्यावी लागते. लिनक्स कर्नलची अपेक्षा आहे की इंटरफेस खाली-वर केला तरी आकडेवारी टिकावी. शून्य होणाऱ्या जातीत रीसेट करण्याआधी शेवटचं वाचन करून घ्यायचं, नाहीतर त्या खंडातला हिशेब बुडतो. फ्री रनिंगमध्ये रीसेटनंतर रजिस्टर शून्यावर आलं असेल तर 'मागचं वाचन'ही शून्य करायचं. पण सगळ्या चिप रीसेटने शून्य होतात असंही नाही. इंटेलच्या आय४०ई ड्रायव्हरच्या चिपमध्ये काउंटर रीसेटनंतरही तसेच राहतात, म्हणून तो ड्रायव्हर पहिलं वाचन पाया म्हणून बाजूला ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून ते वजा करतो. हे न करणारा ड्रायव्हर चढताक्षणी आधीच्या सत्रातला सगळा आकडा नव्याने आल्यासारखा दाखवेल.

एक धोका मात्र दोघांना सारखाच. पीसीआय एक्सप्रेसवरचं कार्ड अचानक निघालं किंवा लिंक तुटली की प्रत्येक वाचनाचं उत्तर सगळे बिट १ असं येतं. शून्य होणाऱ्या जातीचा ड्रायव्हर प्रत्येक काउंटरमध्ये ४,२९,४९,६७,२९५ मिळवून मोकळा होतो. दुसऱ्या जातीत विचित्र फरक मिळतो, तोही प्रत्येक काउंटरमध्ये वेगळा, त्यामुळे कारण सापडायला वेळ लागतो. आकडेवारी वाचण्याआधी कार्ड जागेवर आहे का हे तपासणं दोन्हीकडे गरजेचं आहे.

यातली चांगली जात कोणती असं विचाराल तर मी फ्री रनिंगच्या बाजूने आहे, रजिस्टर पुरेसं रुंद असेल तर. वाचण्याने माहिती नष्ट होऊ नये, निदान दोष शोधताना तरी. पण अरुंद चूक-काउंटरसाठी शून्य होऊन कमालीवर थांबणारी पद्धत जास्त प्रामाणिक आहे. इथरनेटच्या आयईईई ८०२.३ मानकात दोन्ही आहेत. व्यवस्थापनाचे फ्रेम काउंटर शून्य न होणारे सांगितलेत, तर १० गिगाबिट पीसीएसमधला (बिटांचं सांकेतिकीकरण करणाऱ्या थरातला) चुकलेल्या ब्लॉकचा ८ बिटी काउंटर वाचल्यावर शून्य होतो आणि २५५ वर थांबतो. तो फिरून आला असता तर ३ चुका झाल्या की २५९, हे सांगताच आलं नसतं.

'याच कंपनीची चिप आहे, म्हणजे तीच पद्धत असणार' हा अंदाज करू नये. आयएक्सजीबीई मुख्य फंक्शनसाठी शून्य होणारी रजिस्टरं वाचतो, आणि त्याच कार्डाच्या आभासी फंक्शनचा (आभासी मशिनला दिलेल्या हिश्शाचा) ड्रायव्हर आयएक्सजीबीईव्हीएफ अखंड चालणारी. तिथे फ्रेम मोजायला ३२ बिट आणि बाइट मोजायला ३६. हे ३६ बिट १० गिगाबिटवर ५५ सेकंदांत संपतात.

चिपच्या दस्तऐवजात प्रत्येक रजिस्टरसमोर ते कोणत्या जातीचं आहे हे लिहिलेलं असतं, तरी स्वतः पडताळून घ्यावं. ड्रायव्हरचं नियतकालिक वाचन बंद करा, मोजून १०० फ्रेम पाठवा, लिंक शांत होऊ द्या आणि रजिस्टर लागोपाठ दोनदा वाचा. १०० आणि मग ० आलं तर पहिली जात. दोन्ही वेळा तोच आकडा आला तर दुसरी. दोन रजिस्टरांत विभागलेल्या काउंटरसाठी हीच चाचणी खालचं आधी आणि वरचं आधी अशा दोन्ही क्रमांनी करा, कारण शून्य होण्याची कळ बहुधा दोघांपैकी एकातच असते.