नेव्हीच्या झेंड्यावर अष्टकोन आला कसा

मालवण-वेंगुर्ल्याकडे नेव्हीतून रिटायर झालेल्या कुणाच्या घरी गेलात तर शोकेसमध्ये लाकडी पाटीवर बसवलेला जहाजाचा गोल क्रेस्ट, म्हणजे त्याचं बोधचिन्ह, बहुतेक दिसेलच, वर अशोकाचे सिंह, खाली जहाजाचं नाव. ही पद्धत ब्रिटिशांची. १९१८ साली त्यांनी कमिटी नेमून तिला शिस्त लावली, मोठ्या युद्धनौकेला गोल, क्रूझरला पंचकोनी, डिस्ट्रॉयरला ढालीचा आकार. आपल्याकडे गोल राहिला, मुकुटाच्या जागी सिंह आले आणि विषय संपला.

झेंड्याचं मात्र भिजत घोंगडं पडलं. २६ जानेवारी १९५० ला कोपऱ्यातला युनियन जॅक जाऊन तिरंगा आला, पण मधला लाल क्रॉस, म्हणजे इंग्लंडच्या झेंड्यावरचा सेंट जॉर्जचा क्रॉस, तसाच. २०२२ मध्ये तो गेला तेव्हा गुलामीची खूण पुसली म्हणून सगळीकडे जल्लोष, पण तो १५ ऑगस्ट २००१ लाच एकदा काढला होता हे कुणी सांगतच नाही! तेव्हा पांढऱ्यावर नेव्हीचं निळं चिन्ह ठेवलं, आणि तक्रारी सुरू झाल्या की आभाळ निळं, पाणी निळं, लांबून झेंडा ओळखूच येत नाही. मग २००४ ला क्रॉस परत, मधोमध सिंह, २०१४ ला त्याखाली सत्यमेव जयते. म्हणजे क्रॉस परत आणला तो इंग्रजांच्या प्रेमापोटी नाही, झेंडा दिसावा म्हणून, आणि माझ्या मते २०२२ च्या डिझाइनची खरी हुशारी इथेच आहे, कारण निळा रंग ठेवूनही त्याला दुहेरी सोनेरी अष्टकोनी काठ दिलाय, त्यामुळे तो उठून दिसतो.

आकार महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलाय आणि आठ बाजू म्हणजे आठ दिशा असा अधिकृत अर्थ. आत नांगरावर सिंह, खाली शं नो वरुणः हे नेव्हीचं ब्रीदवाक्य. आता मुद्रा ही मुळात कागदावरची, पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब म्हणजे समाप्तीचा शिक्का, डोलकाठीशी तिचा काय संबंध असं काहीजण विचारतात. मुद्दा चूक नाही, पण १६६४ ला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम काढलं किंवा १६७९ ला खांदेरीवर इंग्रजांशी झुंज घेतली ती याच मुद्रेच्या हुकुमावर, तेव्हा मला तरी ते खटकत नाही.

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन मालवणात झाला, तिथेच जाहीर झालं की अॅडमिरल लोकांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवरही राजमुद्रेची छाप येणार. महिन्याभरात नवं डिझाइन आलंसुद्धा, त्यातही अष्टकोन आहे. जहाजांचे क्रेस्ट अजून गोलच आहेत.