सति, स्मृती, सजगता: माइंडफुलनेसमधली आठवण कुठे गेली

माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष ठेवण्याच्या सरावाचं, मूळ विचारलं की लोक थेट अडीच हजार वर्षं मागे, बुद्धापर्यंत जातात. पण आज ऑफिसात, ॲपवर, थेरपीत जे चालतं त्याचं खरं वय मला तरी शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे दिसत नाही. त्याआधी ध्यान हे भिक्षूंचं काम, आणि त्यातलेही सगळे बसायचे असं नाही. गृहस्थासाठी मुख्यतः दान आणि शील, म्हणजे नीतीचे नियम. रोजच्या जगण्याचा उपदेश होताच, सिगालोवाद सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश) आईवडील, गुरू, बायको, मित्र, नोकर सगळ्यांशी कसं वागायचं ते आलंय, कमाईचे 4 भाग करून 1 खर्चाला, 2 धंद्यात, 1 अडीअडचणीला ठेव इतकं व्यवहारी. गंमत म्हणजे त्यात श्वासाकडे लक्ष द्या वगैरे काहीच नाही.

गाडी वळली ती ब्रह्मदेशात. 1885 मध्ये इंग्रजांनी राजाला गादीवरून काढलं, धम्माचा राजाश्रय गेला, मग आता टिकवायचा कोणी तर साध्या माणसांनी, असं म्हणत काही भिक्षूंनी गृहस्थांना अभिधम्म (धम्माचं तत्त्वज्ञान) आणि विपश्यना (ध्यानाची पद्धत) शिकवायला घेतली. 1950 च्या आसपास रंगूनला केंद्रं निघाली आणि 1969 मध्ये त्यातलीच एक परंपरा 10 दिवसांच्या शिबिरांच्या रूपात भारतात आली.

आता तो शब्द, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पाली सति म्हणजे संस्कृत स्मृती, म्हणजे सरळ सरळ आठवण. 1881 मध्ये सिलोनमध्ये सरकारी नोकरी केलेल्या एका इंग्रज पाली अभ्यासकाने तिला माइंडफुलनेस म्हटलं, आणि खरं सांगायचं तर भाषांतर वाईट नव्हतं, जुन्या इंग्रजीत त्या शब्दात 'लक्षात ठेवणं' होतंच. 1950 च्या दशकात श्रीलंकेतल्या एका जर्मन भिक्षूने 'निव्वळ लक्ष' ही कल्पना पुढे आणली, त्याने ती फक्त पहिली पायरी म्हणून सांगितली होती, पण नंतर लोक त्या पायरीवरच बसले आणि 'चांगलं-वाईट न ठरवता बघणं' हीच व्याख्या झाली. सुत्तातली सति मात्र वेशीवरच्या हुशार द्वारपालासारखी आहे, ओळखीच्याला आत घेणारी, अनोळख्याला अडवणारी. द्वारपाल ठरवत नसेल तर मग तो तिथे करतो काय? मिलिंदपञ्ह या जुन्या पाली ग्रंथात ती राजाला त्याच्या संपत्तीची आठवण देणारा खजिनदार आहे. शिवाय सम्यक (योग्य) सति आहे तशी मिथ्या (चुकीची) सतिही सांगितलीये, म्हणजे नुसतं लक्ष असणं पुरेसं नाही. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे 'निव्वळ लक्ष'वाले, सतिपट्ठान हे सतिवरचं सुत्त दाखवतात, लांब श्वास घेताना 'लांब घेतोय' एवढंच जाणायचं, आणि तेही खोटं नाही. मराठीत तर अजून मजा, धम्माच्या पुस्तकात सम्यक स्मृती, सेल्फ हेल्पमध्ये सजगता, आणि हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत हे दोन्हीकडच्या वाचकांच्या गावी नसतं.

यातली 'निव्वळ लक्ष'वाली बाजू जिंकली ती दवाखान्यामुळे. 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका हॉस्पिटलात जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी कोर्स सुरू झाला, पुढे तो 8 आठवड्यांचा म्हणून ओळखला गेला, धम्माचं नाव मुद्दाम बाजूला ठेवून. पेशंटचा धर्म कुठलाही असू शकतो, त्यामुळे निर्णय समजण्यासारखा होता, फक्त नावाबरोबर शीलही बाहेर राहिलं. पुढे त्याच्यावर बेतलेली थेरपी डिप्रेशन उलटू नये म्हणून आली आणि 2004 मध्ये ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत, 3 किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलेल्यांसाठी तिची शिफारस झाली. मग कंपन्या, ॲप, अगदी अमेरिकन मरीन सैनिकसुद्धा. मरीनपर्यंत गेल्यावर द्वारपालाचा प्रश्न पुन्हा निघाला, नेम धरताना चित्त एकाग्र असणं हीसुद्धा सति का?

शाळांचं प्रकरण सगळ्यात ताजं. ब्रिटनमध्ये 8 हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल 2022 मध्ये आले आणि नेहमीच्या तासांपेक्षा वेगळा फायदा काही दिसला नाही. शील काढल्यामुळे असं झालं, असं म्हणायचा मोह मलाही होतो, पण त्यातल्या बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.