.४५-७० की .४५० मार्लिन? दोन काडतुसांमागची गोष्ट

अस्वल किंवा मूस या थोरल्या हरणासारख्या मोठ्या जनावरासाठी लीव्हर-अ‍ॅक्शन (घोड्याभोवतीची दांडी खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची) रायफल घेणाऱ्या अमेरिकन शिकाऱ्याला २००० सालानंतर एक पेच पडू लागला: काडतूस .४५-७० चं घ्यावं की .४५० मार्लिनचं? दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, ०.४५८ इंच. आताच्या मजबूत रायफलीत भरपूर बंदुकीची दारू भरून .४५-७० उडवलं, तर माराही जवळपास सारखाच. मग दुसरं काडतूस काढलंच कशाला? त्यासाठी अमेरिकी लष्कराच्या एका जुन्या काटकसरीपर्यंत मागे जावं लागतं.

यादवी युद्ध संपलं तेव्हा सरकारकडे ठासणीच्या बंदुकांचा ढीग पडून होता. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातल्या अर्स्किन अ‍ॅलिन यांनी त्यांच्या नळीला मागच्या बाजूला वर उघडणारी झडप बसवली, म्हणजे काडतूस मागून भरता येऊ लागलं. हीच रचना १८७३ च्या नव्या रायफलीत राहिली. तिला 'ट्रॅपडोअर' म्हणत, आणि .४५-७० जन्मलं ते तिच्यासाठी. नावातच हिशेब आहे: ०.४५ इंचाची नळी, ७० ग्रेन काळी दारू. गोळी ४०५ ग्रेनची. आपला तोळा १८० ग्रेनचा, तेव्हा ती बरोबर सव्वादोन तोळे शिशाची झाली. वेग सेकंदाला जेमतेम १३०० फूट, पण तेवढं वजन अंगात शिरल्यावर जनावर फार लांब जात नसे.

लीव्हर-अ‍ॅक्शनला हे लांबलचक काडतूस सुरुवातीला झेपत नव्हतं. ते पेललं मार्लिन या बंदूक कंपनीच्या १८८१ च्या रायफलीनं, आणि खऱ्या अर्थानं पचवलं जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या १८८६ च्या विंचेस्टरनं. लष्करानं मात्र १८९२ मध्ये कमी व्यासाच्या, धूररहित दारूच्या क्रॅग रायफलीची निवड केली. .४५-७० हळूहळू अडगळीत गेलं. मार्लिननं १९६४ मध्ये .४४४ हे नवं काडतूस आणलं खरं, पण सुरुवातीची त्याची २४० ग्रेनची गोळी पिस्तुलाच्या वळणाची, म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली. शेवटी १९७२ मध्ये मार्लिन पुन्हा .४५-७० कडेच वळली.

आता खरी अडचण उभी राहिली. नवी रायफल दणकट होती, पण दुकानातलं काडतूस कुणाच्या बंदुकीत जाईल याचा नेम नाही. आजोबांची ट्रॅपडोअर अजून कित्येक घरांत भिंतीवर टांगलेली. तीत जोरदार काडतूस उडालं तर झडप बंदूक उडवणाऱ्याच्याच तोंडावर यायची. म्हणून .४५-७० साठी कमाल दाब २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठरला, आणि मोठे कारखाने तो ओलांडायला धजेनात. घरी काडतुसं भरणारे हौशी लोक आपापल्या रायफलीचा अंदाज घेऊन दारू वाढवत. दुकानातून घेणाऱ्याला तो मार्ग नव्हता.

काडतुसं बनवणारी हॉर्नाडी कंपनी आणि मार्लिन यांनी २००० मध्ये .४५० काढलं ते या गिऱ्हाइकासाठी. दाब ४३,५०० पीएसआय, ३५० ग्रेनच्या गोळीला सेकंदाला २१०० फूट वेग. पुंगळीच्या बुडाशी मुद्दाम रुंद पट्टा ठेवला, म्हणजे हे काडतूस जुन्या बंदुकीत चुकूनही बसू नये. माझ्या मते ही कल्पना निर्दोष होती. नडला तो बाजार. .४५-७० ची काडतुसं कुठंही मिळायची, सौम्यापासून जहालापर्यंत सगळी. .४५० साठी मुख्य भिस्त एकट्या हॉर्नाडीवर. शिवाय खांद्याला बसणारा दणका रोजच्या सरावात कुणाला हवा?

पुढे मार्लिन रेमिंग्टन या बंदूक कंपनीकडे गेली, रेमिंग्टनचं दिवाळं वाजल्यावर रुगर या दुसऱ्या बंदूक कंपनीनं ती घेतली. २०२१ च्या अखेरीस रुगरनं बनवलेली पहिली मार्लिन रायफल बाजारात आली, ती .४५-७० मध्ये.