गरोदरपणातील उच्च रक्तदाब : निदान व तपासणी

गरोदर स्त्रीचा वरचा रक्तदाब १४० किंवा खालचा ९० (मिमी पारा) वा त्याहून अधिक असेल आणि किमान चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. १६०/११० ही पातळी मात्र तीव्र. अशा वेळी चार तास थांबत नाहीत. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजून उपचार सुरू करतात.

वीस आठवड्यांपूर्वी आढळलेला दाब बहुधा आधीपासूनचा असतो, त्यानंतर उद्भवलेला गर्भारपणाचा. पण गर्भारपणाच्या मध्यावर दाब स्वाभाविकपणेच उतरतो. त्यामुळे पाचव्या महिन्यात पहिल्यांदा तपासायला आलेल्या बाईचा जुना आजार झाकला जातो आणि पुढे दाब चढला की तो नवाच वाटतो. बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवून पहिले बीपी कार्डावर लिहून घेण्याचे महत्त्व इथे कळते.

मोजण्याची रीत साधी आहे, पण गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते. पाच मिनिटे बसवावे, पाठीला टेकू असावा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. मोजताना गप्पा नकोत. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटाच वाढलेला दिसतो. कुशीवर झोपवून वरच्या बाजूला असलेल्या हाताचा मोजल्यास तो खोटाच कमी येतो, आणि ही चूक अधिक धोक्याची.

वीस आठवड्यांनंतर वाढलेल्या दाबाबरोबर लघवीतून प्रथिने (चोवीस तासांत ३०० मिलिग्रॅम वा अधिक) जात असतील, तर ती प्रीएक्लाम्पसिया. प्रथिने नसली म्हणून मात्र निर्धास्त होता येत नाही. प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) एक लाखाखाली जाणे, यकृताची एन्झाइमे दुप्पट होणे, क्रिएटिनीन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढणे, गोळीने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, वाढलेल्या दाबाबरोबर यांपैकी एकही नव्याने दिसले तरी निदान होते. बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे ‘पित्त झालंय’ म्हणून अंगावर काढले जाते. ते यकृताचे असू शकते. पायांवरची सूज निरोगी गर्भारपणातही येते, म्हणून ती आता निकषांत धरत नाहीत. चेहरा व हात एकाएकी सुजले, तर मात्र बीपी पाहावेच.

झटके आले की एक्लाम्पसिया. ते टाळण्यास व थांबवण्यास मॅग्नेशियम सल्फेट देतात. बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात, विशेषतः पहिल्या काही दिवसांत. त्यामुळे घरी गेल्यावरही बीपी पाहावे लागते. बारा आठवडे उलटूनही दाब उतरला नाही, तर तो कायमचा उच्च रक्तदाब समजून पुढची तपासणी करतात.