प्रबंधाच्या निकालावर अपील

प्रबंधाच्या निकालावर अपील म्हणजे पदवीच्या शेवटी केलेल्या थिसिसचा, डिसर्टेशनचा किंवा रिसर्च प्रोजेक्टचा जो निकाल लागला तो परत तपासा अशी विद्यार्थ्याने युनिव्हर्सिटीकडे केलेली लेखी मागणी. बोलताना लोक याला सरसकट रिव्हॅल्युएशन म्हणतात पण ती वेगळी गोष्ट आहे. रिव्हॅल्युएशनमध्ये अर्ज केला, फी भरली की पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे जातो. अपीलमध्ये असं आपोआप काहीच होत नाही, आधी कारण दाखवावं लागतं, ते कारण नियमात बसावं लागतं, त्याला कागदाचा आधार लागतो, आणि मग कुठे समिती ठरवते की पुढे काही करायचं की नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. "माझं काम चांगलं आहे, मला जास्त मार्क मिळायला हवे होते" हे अपीलचं कारण होत नाही. कितीही खरं असलं तरी नाही. थिसिस किती चांगला, युक्तिवाद पटण्यासारखा आहे का, पद्धत बरोबर निवडली का, हे ठरवणं परीक्षकाचं तज्ज्ञ म्हणून मत मानलं जातं आणि त्या मताला हात लावायला युनिव्हर्सिटीची अपील समितीसुद्धा सहसा तयार नसते, कोर्टं तर त्याहून नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीच्या एका मेडिकल विद्यार्थ्याच्या केसमध्ये म्हटलं की शिक्षकांच्या शैक्षणिक निर्णयाबद्दल न्यायाधीशांनी मोठा आदर ठेवला पाहिजे. इंग्लंडच्या अपील कोर्टाने २००० साली एका विद्यार्थिनीच्या केसमध्ये साधारण हीच रेघ ओढली, युनिव्हर्सिटीने स्वतःचे नियम मोडले असतील तर ते कोर्ट बघेल पण कामाला किती मार्क द्यायचे हा कोर्टाचा प्रश्न नाही.

मग अपील कशावर होतं? निकाल ज्या रस्त्याने लागला त्या रस्त्यावर. समजा एका युनिव्हर्सिटीचा नियम आहे की दोन परीक्षकांच्या मार्कांत १० पेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्याकडे पाठवायचं. एकाने ६६ दिले, दुसऱ्याने ५०, ऑफिसने सरळ सरासरी काढून ५८ लावले आणि फर्स्ट क्लास ६० ला आहे. इथे ६६ बरोबर की ५० बरोबर यावर भांडायची गरजच नाही, तिसरा परीक्षक नेमला नाही एवढं दाखवलं की झालं. हे खरं मजबूत अपील. पण याच विद्यार्थ्याने चार पानं भरून ५० देणाऱ्याला विषय कळलाच नाही असं लिहिलं तर तेच प्रकरण कमकुवत होतं, कारण समिती वाचता वाचता ठरवते की हा मार्कांवर नाराज आहे, आणि त्या गर्दीत तिसऱ्या परीक्षकाचा मुद्दा हरवून जातो.

प्रक्रियेतली चूक हे झालं पहिलं कारण. त्यातच मार्कांची बेरीज चुकणं, रुब्रिकमध्ये (मार्क कशाला किती द्यायचे याच्या ठरलेल्या तक्त्यात) नसलेल्या निकषावर मार्क कापणं, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा नियमाप्रमाणे न घेणं, जुनीच फाईल तपासली जाणं हे सगळं येतं. दुसरं कारण म्हणजे आजारपण, घरातला मृत्यू, अपघात अशी परिस्थिती जी परीक्षकांना निकाल लावताना माहीत नव्हती. मात्र इथे एक कडक अट असते, ही परिस्थिती तेव्हाच का सांगितली नाही याचं पटणारं उत्तर द्यावं लागतं. मानसिक आजारात माणूस बरेचदा सांगू शकण्याच्या अवस्थेतच नसतो आणि हे डॉक्टरने लिहून दिलं तर पुष्कळ ठिकाणी ऐकलं जातं, म्हणून लाज न बाळगता ते सर्टिफिकेट घ्या, आणि त्यात त्रास कुठल्या काळात होता हे स्पष्ट असू द्या. तिसरं कारण पक्षपात किंवा हितसंबंध. परीक्षकाशी आधीचा वाद, परीक्षकाच्याच संशोधनावर थिसिसमध्ये टीका असणं वगैरे. हे सिद्ध करायला सगळ्यात अवघड, आणि "मला तसं वाटलं" यावर काहीच चालत नाही.

आता गाईडबद्दल, म्हणजे थिसिसला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकाबद्दल. गाईडने वेळ दिला नाही, चॅप्टर सहा सहा महिने वाचले नाहीत, शेवटपर्यंत छान चाललंय म्हणत राहिले आणि एक्सटर्नलने म्हणजे बाहेरच्या परीक्षकाने आपटलं, ही तक्रार फार कॉमन आहे आणि ती खरी असते तेव्हा फार दुखते. पण बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे नियम असे की गाईडिंगची तक्रार काम चालू असतानाच करायची, निकालानंतर नाही. नियमामागचा विचार कळतो, वेळेत सांगितलं असतं तर गाईड बदलता आला असता. पण मला हा नियम विद्यार्थ्यावर अन्याय करणारा वाटतो. ज्या माणसाच्या सहीवर सबमिशन अडलेलं असतं आणि ज्याचं शिफारसपत्र पुढच्या नोकरीला लागणार असतं त्याच्याविरुद्ध मधेच तक्रार कोण करणार? त्यातल्या त्यात उपाय एकच, प्रत्येक भेटीनंतर "आज आपलं असं असं ठरलं, चॅप्टर अमुक तारखेला दिलाय" असा दोन ओळींचा साधा ईमेल पाठवून ठेवायचा. ती तक्रार नसते, कुणाला टोचत नाही, पण वर्षभराने तोच पुरावा होतो. गाईड चांगला असला तरी पाठवा.

वाङ्मयचौर्याचा किंवा एआय वापरल्याचा ठपका ठेवून निकाल अडवला असेल तर सहसा ते शिस्तभंगाचं वेगळं प्रकरण असतं, त्याच्या अपीलचा फॉर्म, समिती, मुदत सगळं वेगळं. तिथे जुने ड्राफ्ट, फाईलची व्हर्जन हिस्टरी (फाईलमध्ये कधी काय बदललं याची नोंद) आणि हाताने काढलेल्या नोट्स कामाला येतात.

अपील करायच्या आधी परीक्षकांचे रिपोर्ट मागून घ्यावेत, नुसत्या ग्रेडवरून काही कळत नाही. युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०१७ मध्ये आयर्लंडमधल्या एका परीक्षार्थीच्या केसमध्ये ठरवलं की लेखी परीक्षेतली उत्तरं आणि त्यावरचे परीक्षकाचे शेरे हा परीक्षार्थीचा वैयक्तिक डेटा आहे, त्यामुळे तिकडे तो बघायला मागता येतो. जर्मनीत तर घटना न्यायालयाने १९९१ मध्येच व्यावसायिक परीक्षांबद्दल सांगून ठेवलंय की नीट आधार देऊन मांडलेलं, समर्थन करता येईल असं उत्तर परीक्षकाला पटत नाही म्हणून चूक धरता येणार नाही, आणि परीक्षार्थीच्या ठोस हरकतींवर परीक्षकांनी परत विचार करायलाच हवा. म्हणजे परीक्षकाचं मत अजिबात शिवायचं नाही हे जगभर एकसारखं नाही.

मुदत फार कमी असते. कुठे १० कामाचे दिवस, कुठे महिना, आणि मोजायला सुरुवात निकाल जाहीर झाल्यापासून होते, तुम्ही सावरल्यापासून नाही. पहिला आठवडा माणूस रडण्यात आणि घरच्यांना सांगू की नको यातच घालवतो, ते साहजिक आहे, पण त्यातच मुदत निघून जाते. पुरावे जमले नसतील तरी फॉर्म वेळेत भरून "कागद मागाहून देतो" असं त्यात लिहावं. लिहिताना तारखेनुसार लिहावं, कुठला नियम मोडला त्याचा नंबर टाकावा, आणि काय हवंय ते शेवटी स्पष्ट मागावं. विद्यार्थी संघटनेचा सल्लागार असेल तर पाठवण्याआधी त्याला एकदा वाचायला द्यावं, कारण आपण रागात काय लिहिलंय ते आपल्याला दिसत नाही.

युनिव्हर्सिटीतले सगळे टप्पे संपले की काही देशांत बाहेर दाद मागता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या उच्च शिक्षण कायद्याने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली, ती चालवणारं ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲड्ज्युडिकेटर विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाही, आणि युनिव्हर्सिटीचं शेवटचं पत्र मिळाल्यापासून १२ महिन्यांत तिथे जावं लागतं. मार्क बदलायचा अधिकार त्यांनाही नाही. पण एखाद्या प्राध्यापकाने निर्णय घेतला म्हणून तो लगेच शैक्षणिक निर्णय होत नाही अशी त्यांची भूमिका आहे. प्रक्रिया नीट झाली का, तथ्यं बरोबर होती का, हे ते तपासतात.

अपील जिंकलं म्हणजे पास झालो असंही नाही. बहुतेक वेळा निकाल रद्द होऊन नवे परीक्षक नेमले जातात, किंवा व्हायवा परत होतो, किंवा थिसिस सुधारून परत द्यायची संधी मिळते. नव्या परीक्षकांनी तेच मार्क दिले असं होऊ शकतं, काही ठिकाणी कमीही होऊ शकतात, ते नियमात आधी बघून घ्यावं. पीएचडीत मेजर करेक्शन्स (थिसिसमध्ये मोठ्या दुरुस्त्या) आल्या असतील किंवा पीएचडीऐवजी तिच्या खालची एमफिल देऊ केली असेल तेव्हा हा हिशोब जास्तच नाजूक असतो. आणि करेक्शन्सची डेडलाइन अपील चालू असताना आपोआप थांबेलच असं नाही, ती थांबवली का हे लेखी विचारून घ्या आणि उत्तर येईपर्यंत करेक्शन्सचं काम चालू ठेवा.