ऐतिहासिक भूमिगत खाणींतील पर्यटक-सुगम्यता

उत्पादन थांबलेली जुनी खाण लोकांना पाहण्यासाठी खुली केल्यावर चालण्यात, पाहण्यात किंवा ऐकण्यात अडचण असलेल्या, वयस्कर, दमेकरी किंवा बंदिस्त जागेची भीती वाटणाऱ्या व्यक्तींनाही ती पाहता यावी, यासाठी केलेली व्यवस्था. किल्ला किंवा राजवाडा कितीही अडचणीचा असला, तरी तो माणसाच्या वावरासाठी बांधलेला असतो. खाण मात्र खनिजाच्या थरामागे जाते. थर वळला की वाट वळते आणि थर निमुळता झाला की छत खाली येते. त्यामुळे जमिनीवरच्या इमारतींसाठी केलेले नियम इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातील अनुच्छेद 30 सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाविषयी आहे. संग्रहालये आणि पर्यटनसेवा यांचा लाभ मिळावा, असे तो स्पष्ट सांगतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांपाशी आल्यावर मात्र ‘शक्य तितका’ अशी पुस्ती जोडतो. खाणींबाबतचा बहुतेक वाद या दोन शब्दांच्या आतच चालतो.

बरेचसे आत शिरण्याच्या वाटेवर ठरते. डोंगराच्या पोटात आडवा बोगदा गेला असेल, तर चाकाची खुर्ची निदान काही अंतर जाऊ शकते. कोलंबियातील सिपाकिरा येथील मिठाच्या खाणीतले चर्च सुमारे 180 मीटर खोल आहे, तरी तिथे लोक बोगद्यातून चालतच आत जातात. उभा कूपक, म्हणजे विहिरीसारखा सरळ खाली गेलेला खड्डा, असेल, तर सारे पिंजऱ्यावर, म्हणजे खाणीच्या लिफ्टवर, अवलंबून असते. ऑस्ट्रियातील हाल्श्टाटच्या मिठाच्या खाणीत पूर्वीचे कामगार लाकडी घसरगुंडीवरून खालच्या पातळीवर जात. आज पर्यटकांना तीच गंमत सर्वांत जास्त आवडते. ज्याला घसरता येत नाही, त्याची अडचणही नेमकी तिथेच होते.

पोलंडमधील क्राकूफजवळची व्हिएलिच्का मीठखाण 1978 साली, जागतिक वारसा यादीच्या पहिल्याच तुकडीत, समाविष्ट झाली. तिच्या नेहमीच्या पर्यटनमार्गावर सुमारे 800 पायऱ्या आहेत. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या सुरुवातीलाच, 64 मीटर खोलीवरच्या पहिल्या पातळीपर्यंत उतराव्या लागतात. वर येताना लिफ्ट मिळते. चाकाच्या खुर्चीवरील पाहुण्यांसाठी मार्गाचा काही भाग जुळवून घेतलेला आहे आणि ते उतरतातही लिफ्टनेच. गंमत अशी, की याच खाणीत आजारी माणसांना मुद्दाम खाली नेण्याची परंपरा आहे. तिथल्या हवेचा श्वसनविकारांवर उपयोग होतो, या विचारातून डॉ. मिएचिस्वाव स्कुलिमोव्हस्की यांनी 1958 मध्ये भूमिगत उपचार सुरू केले.

खाली जाणे हा प्रश्नाचा सोपा भाग होय. पिंजरा बंद पडला तर वर कसे यायचे, हा खरा प्रश्न. 1862 च्या जानेवारीत इंग्लंडमधील हार्टली कोळसाखाणीत पंपाच्या इंजिनाची अवजड तुळई मोडून एकमेव कूपकात कोसळली आणि खाली अडकलेले कामगार बाहेर येऊ शकले नाहीत. एकूण 204 माणसे व मुले दगावली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रत्येक खाणीला बाहेर पडण्याच्या दोन स्वतंत्र वाटा असाव्यात, असा कायदा झाला. पण दुसरी वाट म्हणजे अनेकदा शिड्या, अरुंद जिना किंवा चढा बोगदा. धडधाकट कामगारासाठी ती सुटकेची वाट असते. चाकाच्या खुर्चीवरील माणसासाठी ती असून नसल्यासारखी. आगाऊ नोंदणी, सोबतीचा आग्रह, एका गटात चाकाच्या किती खुर्च्या घ्यायच्या यावरची मर्यादा हे नियम वरवर नाखुशीचे वाटतात, पण त्यांच्यामागे साधा हिशोब असतो: कोणाला किती जण उचलून नेऊ शकतील? हा हिशोब पाहुण्याला आधीच मोकळेपणाने सांगणे केव्हाही बरे. ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढे म्हणून वाटेला लावणे हा निव्वळ आळस आहे.

वेल्समधील ब्लेनाव्हन येथील ‘बिग पिट’ ही कोळसाखाण 1980 मध्ये बंद झाली आणि 1983 पासून पर्यटकांसाठी खुली आहे. पिंजऱ्यातून 90 मीटर खाली उतरायचे असते. डोक्यावर शिरस्त्राण आणि दिवा, कमरेच्या पट्ट्याला दिव्याची बॅटरी व आपत्कालीन श्वसनसाधन, असा सुमारे 5 किलोचा सरंजाम प्रत्येकाला बाळगावा लागतो. घड्याळ, मोबाईल, काडेपेटी वरच ठेवावी लागते. कोळशातून सुटणारा मिथेन हवेत साधारण 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीसरशी भडकतो, म्हणून हा नियम. अशा खाणीत विजेवर चालणाऱ्या खुर्चीची अडचण तिच्या रुंदीची नसते, बॅटरीची असते. हाताने ढकलायच्या खुर्चीत बसून, आधी कळवून, खाली जाता येते.

खाणीतल्या पायाखालच्या जमिनीकडे नीट पाहिले की बारीकसारीक अडचणी कळतात. कोळशाच्या गाड्यांचे रूळ अजून जागेवर असतात. रुळाच्या कडेच्या खाचेत खुर्चीचे पुढचे लहान चाक बरोबर अडकते, म्हणून मागे ढकलणाऱ्याने खुर्ची किंचित मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यायची असते. खाचेत लाकडी पट्ट्या बसवल्या की काम सोपे होते आणि हव्या तेव्हा त्या काढताही येतात, त्यामुळे वारसावाल्यांचीही फारशी हरकत नसते. वायुवीजनाची, म्हणजे खाणीत हवा खेळवण्यासाठी बसवलेली, दारे दोन बाजूंच्या हवेच्या दाबातील फरकामुळे इतकी घट्ट बसलेली असतात, की एकट्याला ती उघडणे जड जाते. बुटक्या छताखाली मात्र पारडे उलटते: उंच माणूस कमरेत वाकून टोपी आपटत चालतो आणि खुर्चीत बसलेला आरामात पुढे जातो.

दिवे मालवून पूर्ण काळोख दाखवणे हा अशा सहलींचा ठरलेला प्रसंग. दृष्टिहीन पाहुण्याला त्यात नवे काही नसते. त्याला लाकडी टेकूवरचे कुऱ्हाडीचे घाव, भिंतीचा ओलावा, दुरून येणारे पाण्याचे थेंब हे जास्त सांगतात, म्हणून हात लावू देणे महत्त्वाचे. कर्णबधिरांची स्थिती नेमकी उलटी. अंधारात ओठही दिसत नाहीत आणि खुणाही. त्यातच समोरच्याच्या डोक्यावरचा दिवा थेट डोळ्यांत येतो. खुणांच्या भाषेतल्या दुभाष्याच्या चेहऱ्यावर व हातांवर वेगळा उजेड असावा आणि काळोख करण्यापूर्वी सगळे सांगून घ्यावे, एवढ्याने बरेच साधते.

ज्यांना खाली जाणे जमतच नाही त्यांच्यासाठी वर किंवा फार खोल नसलेल्या जागी पर्याय उभे केले जातात. बिग पिटमध्येच जमिनीवर खाणकामाची दालने आहेत. जर्मनीतील बोखुम येथील खाणकाम संग्रहालयाने तर सुमारे 20 मीटर खाली अख्खी नमुना-खाण उभारली. तिथून कोळसा कधीच काढला गेला नाही, पण यंत्रे खरी आहेत आणि पिंजरा खोल खोल उतरत असल्याचा भास देणारी सोयही आहे. काही अभ्यासकांना हे नाटकी वाटते. छातीत कोळशाची धूळ साचलेल्या, पायऱ्या न झेपणाऱ्या निवृत्त खाणकामगाराला नातवंडांना आपले काम दाखवायचे असेल, तर तो बहुधा नमुना-खाणीतच जाईल आणि कुठले यंत्र चुकीच्या बाजूला ठेवले आहे तेही सांगेल.